नायजेरियाला कडक माणूस मिळाला होता

सकाळी शाळेच्या ग्रुपवर नायजेरियाची बातमी आली. खाली लगेच एकाने लिहिलं, "या लोकांना राज्य करता येत नाही. राज्यं-बिज्यं गुंडाळा आणि एक कडक माणूस बसवा." त्याला बारा अंगठे! दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

अरे, बसवला होता की! जानेवारी 1966 मध्ये लष्करी उठाव झाला, पंतप्रधान बालेवांना मारलं. सत्ता जनरल इरोन्सींकडे गेली आणि मे महिन्यात त्यांनी डिक्री क्रमांक 34, म्हणजे लष्करी फर्मान, काढून संघराज्यच मोडीत काढलं. इरोन्सी पूर्वेकडच्या इग्बो जमातीचे. उत्तरेला वाटलं, आता इग्बो आपल्या डोक्यावर बसणार. इग्बोंच्या कत्तली सुरू झाल्या. जुलैत इरोन्सींनाच मारलं. पुढच्या वर्षी इग्बोंच्या पूर्व भागाने बियाफ्रा या नावाने वेगळं होतोय म्हणून जाहीर केलं आणि जानेवारी 1970 पर्यंत युद्ध चाललं. लाखो माणसं गेली, त्यातली बहुतेक भुकेने. केंद्रातल्या लष्करी सरकारने नाकेबंदी करून लहान पोरं मारली. हा तुमचा कडकपणा.

मी लागोसला तीन वर्षं होतो. आमचा स्टोअरकीपर इग्बो, पण जन्म उत्तरेतल्या कानो शहरातला. 66 मध्ये त्याच्या वडिलांनी दुकान होतं तसं टाकलं आणि पोरांना घेऊन रेल्वे गाठली. युद्ध संपल्यावर ते बँकेत गेले. खात्यात कितीही असोत, हातावर वीस पौंड. एवढं सांगून तो गप्प व्हायचा, मग पुन्हा गोदामाच्या रजिस्टरमध्ये मान घालायचा.

नेत्यांनी लुटलं, हो, मान्य. पण बाराची छत्तीस राज्यं केली कुणी? एकूण एक लष्करी राजवटींनी. तेलाचा पैसा केंद्रात जमा होतो, दर महिन्याला राजधानी अबुजातून वाटला जातो आणि बहुतेक राज्यं त्यावरच जगतात. याला संघराज्य म्हणायचं की खिरापत?

लिहिता लिहिता राग उतरला. आठवतोय तो आमचा स्टोअरकीपर, आपल्या मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म भरताना. तिथे 'मूळ राज्य' असा रकाना असतो. जन्म कुठे झाला याला किंमत नाही, वाडवडिलांचं गाव लागतं. मुलगी लागोसची, हा कानोचा, उत्तरेची हौसा भाषा घरच्यासारखी बोलणारा. तो रकान्यापाशी बराच वेळ थांबला, मग वाडवडिलांचं पूर्वेकडचं राज्य लिहिलं, अनाम्ब्रा. मला म्हणाला, "ओगा (म्हणजे साहेब), तिथे मी पहिल्यांदा गेलो ते जीव वाचवायला."