पाणी ओसरायच्या आत कविता आली पाहिजे

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ही आखणी लोकांना वेळेत हलवता यावं म्हणून केली आहे, असा अनेकांचा गैरसमज आहे. तुम्ही कवी असाल (आणि कोल्हापुरात राहून कवी नसण्याचं धाडस तुम्ही केलं नसेल अशी आशा आहे) तर या आकड्यांचा खरा उपयोग समजून घ्या. ३९ ला स्टेटस, ४३ ला पूर्ण कविता. जामदार क्लबाजवळ पाणी आलं की शीर्षक सुचलेलं पाहिजे. सुतारवाड्यातली माणसं गाठोडी घेऊन बाहेर पडेपर्यंत दुसरं कडवं. आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होईतो कविता, तुमचा हनुवटीवर हात ठेवलेला फोटो आणि खाली 'नावासह शेअर करावी ही नम्र विनंती' एवढा ऐवज सगळ्या ग्रुपवर पोचलेला पाहिजे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला त्याच्याही वर. त्या वेळी 'नंतर शांतपणे लिहू' म्हणणारे अजून शांतच आहेत.

वेळ साधली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे कवितेत काय येऊ द्यायचं नाही, हे ठरवणं.

'नदी कोपली' चालेल. 'माय रुसली' तर फारच चालेल. नदी अब्रुनुकसानीचा दावा लावत नाही. पण निळी पूररेषा, लाल पूररेषा हे नदीकाठच्या बांधकामाला आडवे येणारे शब्द चुकूनही नकोत. निळ्या रेषेच्या आतला प्लॉट रातोरात मुरूम टाकून कुणी उंच केला, बांधकाम परवान्यावर सही कुणाची, असल्या चौकशा कवितेच्या तब्येतीला मानवत नाहीत. शिवाय फेब्रुवारीतल्या संमेलनाचा स्वागताध्यक्ष तोच निघाला तर? मंडप त्याचा, फ्लेक्स त्याचा, तांबडा-पांढराही त्याचाच. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. 'दरवाजे उघडले' एवढंच लिहावं, किती क्युसेक ते लिहू नये. क्युसेक आला की प्रश्न येतो आणि प्रश्न आला की टाळी जाते. अलमट्टीला मात्र हवं तेवढं झोडपा. ते धरण कर्नाटकात आहे, आणि तिकडचं कुणी आपल्या संमेलनाला देणगी देत नाही.

मग एवढं सगळं टाळून राग काढायचा कुणावर? त्यासाठी आपल्याकडे 'व्यवस्था' आहे. व्यवस्थेला पत्ता नसतो, मोबाईल नंबर नसतो, आडनाव तर नसतंच. तिला पोटभर शिव्या घाला. पुढच्या रांगेतले माजी नगरसेवक सगळ्यांत आधी टाळ्या वाजवतील, कारण प्रत्येकाला वाटतं की व्यवस्था म्हणजे शेजारच्या खुर्चीतला. 'मी निःशब्द आहे' हीसुद्धा हुकमी ओळ. ती पहिली घ्यावी आणि त्यानंतर चाळीस ओळी लिहाव्यात.

दर घटनेला नवीन कविता म्हणजे डोक्याला ताप. एक साचा करून ठेवा. माझा वापरलात तरी हरकत नाही:

हे …,
तू गेलीस
आणि माझ्यातला माणूस
थोडा थोडा
मेला.
आता उरलाय फक्त अंधार
आणि व्यवस्थेचे
आंधळे डोळे.

गाळलेली जागा भरायची, बास. जुलै २०२५ च्या अखेरीस नांदणीच्या जैन मठाची माधुरी हत्तीण गुजरातेत अंबानींच्या वनतारा प्राणीकेंद्रात नेली, तेव्हा 'हे माधुरी'. हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत चालत आली, लोकांनी रागाच्या भरात अंबानींच्याच जिओची सिमकार्डं बदलली. तुम्हाला चालायला नको, सिम बदलायला नको, एक शब्द बदलला की झालं. त्याच्या आधी महिनाभर चप्पल गाजत होती, तेव्हा 'हे कोल्हापुरी'. साचा अडला तो फक्त एकदा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि नाट्यगृह पडलं नपुंसकलिंगी. 'तू गेलंस' म्हटलं की कविता शेजारच्या बारक्या पोराशी बोलल्यासारखी वाटते. शेवटी 'हे रंगदेवते' करून वेळ मारून नेली. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ ला सुरू झालेलं थिएटर आणि तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळतंय, इतका जुळून आलेला योग हातचा कोण घालवील? तिथं रस्त्यावर उभे राहून रंगकर्मी रडत होते. रडताना टाईप करता येत नाही, म्हणून त्यांच्या कविता उशिरा आल्या, किंवा आल्याच नाहीत.

चपलेचं प्रकरण जरा सविस्तर बघू, कारण ते अभ्यासक्रमात लावावं इतकं नामी आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने हुबेहूब आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलांच्या पायात घातली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. झालं! 'पायताण'ला 'स्वाभिमान' हे यमक तर देवानंच जुळवून ठेवलेलं. ण आणि न मधला फरक टाळ्यांत बुडून जातो. त्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या कवितेत पायताण होतं, आणि वाचणाऱ्याच्या पायात स्पोर्ट्स शूज.

इथं नवशिक्याची गफलत होते ती माहिती गोळा करण्यात. चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पकवतात, पट्ट्यांवरच्या वेण्या बऱ्याचदा घरातल्या बायका घालतात, कापशी चपलेचा घाट वेगळा असतो, हे सगळं कळून घ्यायचं तर एखाद्या कारागिराच्या घरी जाऊन बसावं लागतं. तिथं कातड्याचा वास येतो. त्या वासात प्रतिमा सुचत नाहीत. त्याहून घातक माहिती म्हणजे भौगोलिक मानांकनाची. २०१९ ला ते मिळालं, पण महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. ही गोष्ट कवितेत शिरली तर अस्मितेचा निम्मा माल सीमेपलीकडे जातो, आणि मग 'माझ्या मातीची चप्पल' ही ओळ कुणाच्या मातीची? नकोच. 'कारागिराच्या घामाला दाम मिळेल का?' एवढं विचारून थांबावं. ही ओळ झाल्यावर चप्पल लाईनीत जाऊन दुकानदाराकडून दोनशे रुपये कमी करून घ्यायला हरकत नाही. कविता वेगळी, व्यवहार वेगळा.

काही विषय मात्र साच्यातही घालू नयेत. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग हा त्यातला एक. जिल्ह्यातले शेतकरी २०२४ पासून त्याविरुद्ध रस्त्यावर उतरतायत, पण त्या विषयात जाणाऱ्या जमिनींचे गट नंबर असतात, आणि गट नंबर मुक्तछंदातसुद्धा बसत नाही. 'काळी आई' म्हणा आणि पुढे चला. दुसरा विषय याहून अवघड. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात जमावाने घरांची आणि मशिदीची तोडफोड केली. अशा आठवड्यात काय करावं? पावसाची कविता टाकावी. जुलैत पाऊस असतोच. 'चिंब', 'मृद्गंध', 'तुझी आठवण', बरोबर कांदाभज्यांचा फोटो. कुणी फारच टोचून विचारलं तर 'कवीने सनातन मूल्यांवर लिहावं, तात्कालिकात अडकू नये' असं ठणकावून सांगावं. हाच तात्कालिक पुराच्या वेळी 'कवीचं सामाजिक भान' म्हणून मिरवायचा असतो. दोन्ही वाक्यं खिशात ठेवा. फक्त कुठल्या खिशात कुठलं, ते विसरू नका.

एखादा मास्तर जुन्यांचा दाखला देऊन तुम्हाला गप्प करायला बघेल. म्हणेल, तुकोबांनी आपल्या काळातला मोठा दुष्काळ लिहिला की नाही? लिहिला. पण कसा लिहिला ते बघा. पैसा आटला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली. संपलं. ना अंधार, ना आंधळे डोळे. आजच्या दिवाळी अंकाला पाठवली असती तर 'फारच थेट आहे, थोडी प्रतिमासृष्टी हवी' म्हणून परत आली असती. मग मास्तर अज्ञानदास काढेल. १६५९ ला अफझलखान मारला गेला त्यावरचा त्याचा पोवाडा. त्यात खान कुठून निघाला, तळ कुठे पडला, कोण कोण होतं, सगळं नावानिशी. अहो, ही काय कविता झाली? हा तर रिपोर्ट झाला! त्याबद्दल शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला म्हणतात. आपल्याला शाल मिळते. पिराजीराव सरनाईक याच गावात डफावर थाप मारून गेले, पण त्यांच्या नावाचा उल्लेख दीपप्रज्वलनाच्या वेळी केला की पुरतो.

शालीवरून आठवलं. सत्कारात मिळालेली शाल अंगावर घ्यायची, फोटो झाला की घडी मोडल्याचं दिसणार नाही अशा बेताने परत पिशवीत घालायची. ती पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर जाणार आहे. प्रातिनिधिक काव्यसंग्रहात कविता छापायला जे सहभाग शुल्क मागतात ते निमूट भरा. त्यात पाच प्रती आणि एक सन्मानपत्र येतं. सन्मानपत्रावर आपलं नाव आपणच टाईप करून पाठवायचं असतं, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची चूक आपलीच राहते. लिहायचा कंटाळा आला तर मोबाईलमधल्या यंत्राला सांगा, तेही 'व्यवस्था' आणि 'अंधार' घालूनच देतं. ते आपल्याकडूनच शिकलंय.

संमेलनात 'एकच कविता, वेळ तीन मिनिटं' असा नियम असतो. तो कवितेला लागू, प्रस्तावनेला नाही. आपलं झालं की 'गारगोटीची एस.टी. गाठायचीय' म्हणून निघावं, मग तुम्ही कोल्हापुरातल्याच राजारामपुरीत राहत असलात तरी. दुसऱ्याच्या कविता ऐकत बसलात तर आपली कुठली आणि त्याची कुठली, हे तुमचं तुम्हालाच कळेनासं होईल.

एक खरा धोका सांगतो आणि थांबतो. परवा एका हॉलमधल्या संमेलनात आंबेवाडीकडची एक पोरगी उभी राहिली. फाईल नाही, झब्बा-ओढणीचा थाट नाही, घाबरलेली. तिने जे वाचलं ते तलाठ्याच्या पंचनाम्यासारखं होतं. दुभती म्हैस एक, रेडकू एक, जोंधळ्याची पोती चार, शिलाई मशीन एक, पाय तुटका. माळ्यावर काय चढवलं आणि काय खाली राहिलं. म्हशीचं दावं सोडायला वडील माघारी गेले तेव्हा पाणी त्यांच्या कुठवर होतं. पुरात माणसं हलवतात त्या सोनतळीला गेल्यावर म्हैस आठ दिवस धार देईना. आणि शेवटी, पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली ती आई पुसू देत नाही, कारण पंचनाम्याला अजून कुणी आलेलं नाही. एवढं म्हणून ती खाली बसली. त्यात 'व्यवस्था' हा शब्द एकदाही नव्हता, तरी पुढच्या रांगेत दोघेजण खुर्चीत सावरून बसले. टाळ्या नेमक्या कुठे वाजवायच्या ते कुणालाच कळलं नाही. सूत्रसंचालकाने 'वास्तवाचं दाहक चित्रण' म्हणून माईक पुसला आणि पुढचं नाव पुकारलं. ते गृहस्थ अनुभवी, तीन पुरस्कार गाठीला. 'हे पूरमाते, तू आलीस' म्हणून सुरुवात केली, तिसऱ्या ओळीला पाणी मागितलं, आणि मग कागद उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का ते बघत राहिले.

तेव्हा हॉलमध्ये शिरल्या शिरल्या आधी क्रमपत्रिका बघा. असली पोरगी यादीत असेल तर संयोजकाला बाजूला घेऊन आपला नंबर तिच्या आधी लावून घ्या. नाहीच जमलं, तर घसा बसलाय म्हणून सांगा.