१९४७ साली रुपया आणि डॉलर बरोबरीत नव्हते

१५ ऑगस्ट जवळ आला की एक मजकूर फिरायला लागतो. डॉलरने नवा उच्चांक गाठला की तो पुन्हा वर येतो. मजकूर साधारण असा: १९१७ साली एका रुपयाला १३ डॉलर मिळायचे. १९४७ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक रुपया बरोबर एक डॉलर होता, कारण देशावर एका पैचंही कर्ज नव्हतं. मग राज्यकर्त्यांनी देश लुटला, कर्जं काढली आणि रुपयाची पत गेली. आज रुपया पुन्हा डॉलरच्या बरोबरीला आला तर पेट्रोल रुपयाला लिटर मिळेल. शेवटी ‘प्रत्येक भारतीयापर्यंत पोचवा’.

हा मजकूर पुढे पाठवणारी माणसं वाईट नाहीत. महागाईने ती कावलेली आहेत आणि देशाबद्दल त्यांना मनापासून वाटतं. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. यातलं जवळजवळ एकही विधान खरं नाही. आणि रुपया पडतो तेव्हा नेमका कोणाच्या खिशाला चाट बसते, हा खरा प्रश्न या गोंधळात बाजूलाच राहतो.

आधी १९४७ चा दर पाहू. तो अंदाजाने सांगायची गरजच नाही, कारण तो नोंदलेला आहे. भारत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा संस्थापक सदस्य. डिसेंबर १९४६ मध्ये निधीने सदस्य देशांच्या चलनांच्या अधिकृत किमती जाहीर केल्या, त्यात एका रुपयाची किंमत ३०.२२५ अमेरिकी सेंट अशी आहे. म्हणजे डॉलरला ३ रुपये ३१ पैसे, तेव्हाच्या हिशेबात तीन रुपये पाच आणे. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, आपल्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. निधीची स्थापना ज्या ब्रेटन वुड्स परिषदेत ठरली, तिथे १९४४ साली ते स्वतः भारताच्या शिष्टमंडळात बसले होते.

ज्यांना कागदावर विश्वास नाही, त्यांनी गणित करून पाहावं. १९२७ च्या कायद्याने रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला होता. पौंडाचे २० शिलिंग, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे आणि वर काही पै. १९४७ मध्ये पौंड होता ४.०३ डॉलरचा. १३.३३ ला ४.०३ ने भागा, पुन्हा ३.३१ च येतात. मजकुरातला ‘१३’ हा आकडा, माझा कयास, इथूनच आला असावा: पौंडाला १३ रुपये होते, ते कोणीतरी उलटं करून रुपयाला १३ डॉलर केलं. आणि वर त्याला १९१७ साल चिकटवलं.

१९१७ सालचं तर डोळ्यांनी तपासता येतं. पुष्कळ घरांत आजीच्या डब्यात एखादा राणीछाप रुपया असतो. तो काट्यावर ठेवा. १८३५ पासून या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर भरतो २६.७३ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी २४ ग्रॅमच्या वर. नाणं वितळवून विकलं असतं तरी एका डॉलरला सव्वादोन रुपये पडले असते. पुढे चांदीचा भाव कोसळला, १८९३ साली लोकांनी टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेणं सरकारने बंद केलं आणि रुपयाचा दर लंडनहून ठरू लागला. पहिल्या महायुद्धात चांदी चढली तशी रुपयाची किंमत वाढवावी लागली, तरी १९१७ मध्ये रुपया साधारण एक तृतीयांश डॉलरच्या आसपासच होता. तेरा डॉलरचा रुपया कधीच, कोणत्याही राजवटीत नव्हता.

आता कर्जाचं. १९४७ मध्ये परदेशांचं म्हणावं असं देणं आपल्याला नव्हतं, हे खरंच आहे. उलट ब्रिटनच आपलं देणं लागत होता, शंभर कोटी पौंडांहून अधिक. पण हे पैसे आले कसे, तेही वाचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथून धान्य, कापड, सैन्याचं सामान उचललं आणि त्याबदल्यात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा दाखवले. ते पौंड तेव्हा खर्च करता येत नव्हते. इकडे त्यांच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या, भाव भडकले, १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. ज्या ‘कर्जमुक्त’ काळाचा मजकुरात अभिमान आहे, ती शिल्लक उपाशी लोकांच्या ताटातून निघालेली होती. हे मला राहून राहून खुपतं. आणि एवढे सावकार असूनही आपला रुपया ३० सेंटचाच होता. म्हणजे कर्ज नसलं की रुपया डॉलरएवढा होतो, हा कार्यकारणभावही गेला.

सर्वांत खोलवर रुतलेली समजूत पुढची आहे: रुपयाचा आकडा म्हणजे देशाची इज्जत. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मिळत. त्यातली बरीच वर्षं आपला दर होता ४ रुपये ७६ पैसे, म्हणजे एका रुपयाला पंचाहत्तर येन. त्याच काळात जपान जहाजं, रेडिओ आणि मोटारी जगाला विकत होता. दुसरं उदाहरण कुवेतचं. कुवेती दिनार १९९० मध्येही तीन डॉलरहून महाग होता. ऑगस्टमध्ये इराकच्या सद्दाम हुसेनचं सैन्य शिरलं तेव्हा त्या दिनाराने देश वाचवला नाही. तिथे राबणाऱ्या आपल्या हजारो लोकांच्या हातातल्या नोटा रातोरात कागद झाल्या आणि त्यांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानांनी परत आणावं लागलं.

पाकिस्तानचंही बघा. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, म्हणजे त्याची किंमत मुद्दाम उतरवली, आपण पाठोपाठ रुपयाचं केलं, पाकिस्तानने नकार दिला. पुढची जवळपास सहा वर्षं त्यांचा रुपया आपल्यापेक्षा महाग होता. तो दर भारत मान्य करेना, व्यापार अडकला, कलकत्त्याच्या गिरण्यांना तेव्हा पाकिस्तानात असलेल्या पूर्व बंगालचा ताग मिळेना आणि तिकडच्या शेतकऱ्याचा ताग पडून राहिला. १९५५ मध्ये त्यांनीही अवमूल्यन केलं. मान उंच ठेवण्याची किंमत तागवाल्यांनी मोजली.

स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या आपल्या लोकांना तर महाग रुपया नकोच होता, हे किती जणांना ठाऊक आहे? १९२६-२७ मध्ये यावर मोठं रण माजलं. सरकारला १ शिलिंग ६ पेन्सचा रुपया हवा होता. मुंबईचे बडे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास, तिथले गिरणीमालक आणि राष्ट्रीय विचाराचे पुढारी १ शिलिंग ४ पेन्ससाठी भांडत होते. कारण सरळ होतं. रुपया महाग झाला की इंग्लंडमधल्या लँकेशायरचं कापड इथे स्वस्त होणार आणि परदेशात कापूस विकणाऱ्याच्या हातात पौंडामागे १५ रुपयांऐवजी १३ रुपये ५ आणे पडणार. महाग रुपया ही साम्राज्याची सोय होती.

मग स्वस्त रुपया म्हणजे देशभक्ती का? तसंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये केलेला रुपयावरचा अभ्यास १९२३ साली पुस्तकरूपाने आला. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटलं की स्वस्त रुपयाने होणारा नफा बाहेरून देशात येत नाही. देशातल्याच एका वर्गाच्या पदरचं काढून तो दुसऱ्याच्या पदरात पडतो. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत वाढते, मधलं नुकसान मजूर सोसतो. शंभर वर्षं झाली, रुपयाबद्दल याहून नेमकं बोललेलं मी वाचलेलं नाही.

‘अमुक सरकारने रुपया बुडवला’ यावर फार वेळ घालवत नाही. १९४९ मध्ये दर ४.७६ झाला तो पौंडामागून. ६ जून १९६६ ला तो ७.५० झाला, त्याआधी दोन युद्धं आणि भीषण दुष्काळ झाला होता, अमेरिकेने मदत रोखली होती आणि रेशनचा गहू तिकडच्या जहाजांवर अवलंबून होता. जुलै १९९१ मध्ये दोन हप्त्यांत अवमूल्यन झालं, कारण कुवेतच्या युद्धाने तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला आणि जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. ४७ टन सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं. १९९३ पासून दर बाजारात ठरतो. २०१३ मध्ये आणि २०२२ मध्ये रुपया घसरला तेव्हा दिल्लीत वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होती आणि दोन्ही वेळा एक मोठं कारण अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या धोरणात होतं. सगळ्यांत संथ आणि पक्कं कारण मात्र घरचं: कित्येक दशकं आपल्याकडची महागाई अमेरिकेपेक्षा जास्त राहिली. चुका सरकारांनी केल्या, त्याचा जाब जरूर विचारा. पण १:१ वरून घसरण मोजू नका, ती पायरी कधी नव्हतीच.

राहिलं रुपयाला लिटर पेट्रोल. समजा उद्या सकाळी डॉलर खरोखरच एक रुपयाचा झाला. यवतमाळच्या कापूस उत्पादकाचं काय होईल? जागतिक बाजारात रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, वजनी पौंडाला ७५ सेंटच्या आसपास धरू. क्विंटलमध्ये २२० पौंड, म्हणजे क्विंटलभर परदेशी रुई १६५ डॉलरला. आपल्या सूतगिरणीला ती १६५ रुपयांत दारात मिळेल. एक क्विंटल रुई निघायला तीन क्विंटल कापूस लागतो. सरकीचे पैसे धरले तरी शेतकऱ्याला क्विंटलमागे शंभर रुपयेही सुटणार नाहीत. आणि नुसती वेचणीची मजुरीच क्विंटलला हजाराच्या घरात जाते. त्याने कापूस झाडावरच सोडून द्यायचा का? रत्नागिरीत ज्या घराचा खर्च आखातातून येणाऱ्या पाचशे डॉलरवर चालतो, त्या घराला महिन्याला पाचशे रुपये मिळतील. नाशिकचा द्राक्षबागायतदार, हिंजवडीतला संगणक अभियंता, सगळ्यांची तीच गत. मजुरी आणि पगारही त्याच प्रमाणात खाली आणले, तर पेट्रोल रुपयाला लिटर होईल खरं, पण चाळीस हजारांचा पगारही पाचशेच्या खाली आलेला असेल.

पेट्रोलचा राग आलाच असेल तर हिशेब असा मांडा. सोपं म्हणून बॅरल ७० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरा. बॅरलमध्ये १५९ लिटर, म्हणजे कच्चं तेल लिटरमागे साडेसदतीस रुपयांच्या आत. पंपावर आपण शंभराच्या पुढे मोजतो. मधल्या रकमेत शुद्धीकरण, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन आहे, आणि मोठा वाटा केंद्राच्या उत्पादन शुल्काचा आणि राज्याच्या व्हॅटचा. डॉलर पाच रुपयांनी चढला तर या हिशेबात लिटरमागे साधारण सव्वादोन रुपये वाढतात. त्याच पाच रुपयांनी डीएपी खताचं पोतं महागतं किंवा सरकारचं अनुदान फुगतं, खाद्यतेलाचा डबा चढतो, परदेशात शिकणाऱ्या मुलीची फी भरणाऱ्या बापाला आणखी कर्ज काढावं लागतं; आणि डाळिंब निर्यात करणाऱ्याला, परदेशी काम करणाऱ्या संगणक कंपनीला, आखातातल्या माणसाच्या घराला चार पैसे जास्त मिळतात. यातलं कोणाचं नुकसान कोण भरून देणार, हे प्रश्न आमदार-खासदारांना विचारता येतात.