एफडीवाल्या म्हाताऱ्यांना कसली मदत?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यातून दोनदा फिरणारा मेसेज असा: ‘खात्यात लाखो रुपये असलेल्या ज्येष्ठांना सरकारनं कशाला पोसायचं? त्यांना 8.2 टक्के व्याज मिळतं, महागाई त्याहून कितीतरी कमी. ज्यांनी नियोजन केलं नाही त्यांचा भार तरुणांनी का उचलायचा? खऱ्या गरिबांसाठी योजना आहेतच. व्याजावर जगणाऱ्यांना भरपाई जगात कुठलंच सरकार देत नाही.’ खाली अंगठ्यांची रांग. अंगठे दाखवणाऱ्यांत दोघं-तिघं सरकारी पेन्शनर. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी ते 8.2 टक्के. आमच्या मजल्यावरचे काका 2015 च्या जुलैत सूतगिरणीतून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी मिळून आलेले 8 लाख त्यांनी पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. तेव्हा दर होता 9.3. तिमाहीला 18,600 रुपये पासबुकात पडायचे. 2020 मध्ये मुदत संपली, पुन्हा टाकायला गेले तर दर 7.4 वर आलेला. तिमाही 14,800. ते पुढची पाच वर्षं तसंच राहिलं. दर पुढे 8.2 झाला तो नव्या खात्यांना. मधेच मोडायचं तर मुद्दलातून एक टक्का कापून. गेल्या वर्षी त्यांनी 8.2 नं टाकले, आता 16,400 येतात. म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा तिमाहीला 2,200 कमी, आणि मधल्या काळात एकंदर भाव दीडपटीच्या वर गेलेले. त्या 8 लाखांची किंमत 2015 च्या हिशेबानं पाचेक लाखच उरली. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नसतं. भाव चढलेलेच राहतात, फक्त पुढचा जिना जरा सावकाश चढतात.

‘नियोजन केलं नाही’ यावर फार बोलत नाही. शहाणपणानं युनिट ट्रस्टच्या यूएस-64 या म्युच्युअल फंड योजनेत पैसे टाकलेल्यांचं जुलै 2001 मध्ये काय झालं, ते घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना विचारा. युनिट परत घेऊन पैसे देणंच बंद झालं होतं.

आता ‘योजना आहेतच’. काकांना मीच तहसीलला घेऊन गेलो होतो, श्रावणबाळ योजनेच्या चौकशीला. वय 65 च्या पुढे, तिथवर ठीक. मग वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आली: कुटुंबाची मिळून 21,000 रुपये. वर्षाचे, महिन्याचे नव्हेत. काकांची ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफशी जोडलेली, पेन्शन महिन्याला 2,050 रुपये. बारानं गुणा, 24,600 होतात. व्याजाचा हिशेब काढायचीही गरज पडली नाही. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म न उघडताच परत दिला, त्यांचीही चूक नाही. नुसती 3 लाखांची एफडी 7 टक्क्यांनी असली तरी माणूस मर्यादेच्या काठावर येतो. थोडक्यात, दारात उभं राहायचं तर आधी साठवलेलं सगळं संपवून या. ते संपवलं की मिळणार महिन्याला 1,500.

बरं, ही 2,050 ची पेन्शन 2015 पासून एका रुपयानं हललेली नाही. ईपीएसला महागाई भत्ता जोडलेलाच नाही. किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000. ती 3,000 करा अशी शिफारस राज्यसभेच्या याचिका समितीनं 2013 मध्येच केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, हो, तेच, जे पुढे आपले राज्यपाल झाले.

‘जगात कुठेच नाही’ हे तर साफ चूक. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत मार्क कोसळत गेला, 1923 च्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत. कर्जरोखे आणि ठेवींच्या व्याजावर म्हातारपण काढणारी मंडळी, ज्यांना तिकडे क्लाइनरेंटनर म्हणत, भिकेला लागली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारनं खास त्यांच्यासाठी मदतीचा कायदा केला. मदत तोकडी होती, मिळकतीची आणि नातलगांची चौकशी होई, त्याची त्या लोकांना मनस्वी चीड होती. 1925 च्या कायद्यांनी गहाणखतांना मूळ मूल्याच्या 25 टक्के मिळाले, सरकारी रोख्यांना जेमतेम अडीच. देणेकरी सरकार स्वतः असलं की हात असा आखडतो! पण महागाईनं खाल्लेल्या बचतीची काही जबाबदारी आपल्यावर येते, हे त्यांनी कागदावर मान्य केलं. आपल्याकडे पोस्टातल्या बचतीचे पैसेही शेवटी सरकारच उसने घेतं, हे इथे आठवावं.

आणि आता ते अंगठेवाले. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा केंद्राच्या पेन्शनरांचा महागाई भत्ता ठरतो. राज्याचाही मागोमाग येतो. माझ्या आईलाही मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. पण भाव वाढले की म्हाताऱ्या माणसाच्या हातात जास्त पैसे पडले पाहिजेत, हे तत्त्व याच सरकारनं, याच तरुणांच्या करातून, कधीचंच मान्य केलंय. काकांनी सूतगिरणीऐवजी तहसील कचेरीत नोकरी केली असती, तर त्यांना कुणी भार म्हटलं नसतं.

तो कोरा फॉर्म त्यांनी टाकला नाही. पासबुकात घडी घालून ठेवलाय, मर्यादा वाढली तर लागेल म्हणून.