नकाशा प्रवाशासाठी असतो
मेट्रोचा नकाशा भूगोलाशी प्रामाणिक हवा, असं मेट्रोच्या नकाशांवरच्या एका लेखात म्हटलंय. मला ते पटलं नाही. गाडी बोगद्यात शिरल्यावर डोक्यावर नदी आहे की बाजार, याच्याशी प्रवाशाला काय घेणं? गाडी कुठे बदलायची आणि पुढे कितव्या स्टेशनला उतरायचं, एवढं कळलं की झालं. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने हेच ओळखलं. लंडनच्या भुयारी रेल्वेचा त्याचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांतल्या तिरक्या रेषा, बस्स! गर्दीचा मध्यभाग ऐसपैस, लांबची उपनगरं आखडलेली.

आता याचा तोटाही आहे, नाही असं नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन या स्टेशनांत जेमतेम २६० मीटर अंतर आहे. नकाशाच्या भरवशावर नवखा माणूस तेवढ्यासाठी जिने उतरतो, गाडीची वाट बघतो. चालत कधीच पोचला असता! न्यूयॉर्कमध्ये तर १९७२ च्या नकाशात सेंट्रल पार्क हे लांबट उद्यान चक्क चौरस झालं. लोक वैतागले, १९७९ मध्ये तो बदलावा लागला. तिथे रस्त्यांची चौकट लोकांच्या डोक्यात पक्की, त्यामुळे खोट लगेच दिसली.

त्या लेखात एक गोष्ट मात्र राहून गेली. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला नावासोबत स्वतःचं चित्रचिन्ह आहे. वाचता न येणाऱ्यालाही स्टेशन ओळखता येतं. पिनो सुआरेझचं चिन्ह म्हणजे त्याच स्टेशनच्या खोदकामात सापडलेलं, तिथल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांचं देवस्थान.