माकडताप माकडाच्या चाव्याने होत नाही

‘माकड चावलं की माकडताप येतो’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा विषाणू माणसात शिरतो तो गोचिडीच्या चाव्यातून. त्यातही खसखशीच्या दाण्याएवढ्या पिल्लांच्या, जी पायावर चढलेली कळतही नाहीत. माकड बिचारं स्वतःच या तापाने मरतं, आणि मेलं की अंगावरच्या गोचिडी उतरून नवं अंग शोधतात. म्हणून मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजू वेचायला जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. परतल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ साबणाने. चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत अचानक ताप येऊन डोकं, अंग ठणकलं तर रक्त तपासून घ्या. रुग्णापासून दुसऱ्याला लागण होत नाही. त्याच्याजवळ खुशाल बसा.