मारिओची वीट, सशाचा गेम

शनिवार-रविवार आला की लोक काहीतरी करतात. कुणी येऊरला चालायला जातं, कुणी पाम बीच रोडवर सायकल दामटतं, आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत एक गृहस्थ दर रविवारी गाडी चकाचक धुतात आणि लगेच कव्हर घालून झाकून ठेवतात, आठवडाभर ती जागची हलत नाही. त्यांना कुणी काही विचारत नाही. मी मात्र १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्स या व्हिडिओ गेममधली जमीन, विटा, पाईप, झुडपं उचलून १९९८ च्या जॅझ जॅकरॅबिट २ मध्ये नेऊन बसवतो, आणि मला सगळे विचारतात की का.

जॅझ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ससा-कासवाच्या गोष्टीवरनं सुचलेला गेम आहे, फक्त यातला हिरवा ससा झोपत नाही, बंदूक घेऊन कासवांच्या मागे सुसाट पळतो. आज फोर्टनाइटवर गडगंज झालेली एपिक कंपनी तेव्हा एपिक मेगागेम्स होती, तिने काढला. आणि गेमबरोबरच लेव्हल बनवायचं सॉफ्टवेअरही देऊन टाकलं, त्यामुळे लोकांनी आपापल्या लेव्हली आणि आपापले टाइलसेट बनवले आणि अजूनही बनवतायत. टाइलसेट म्हणजे ज्या चौकोनी तुकड्यांनी लेव्हल रचायची त्या तुकड्यांचा पूर्ण तक्ता. दुसऱ्या गेमचे तुकडे काढून या तक्त्यात बसवणं ही त्यातली फार जुनी हौस, आणि मारिओ-जॅझ ही सोयरीक तशी चांगली, दोघांचाही वैरी कासवच.

आता मारिओचा ठोकळा १६ बाय १६ पिक्सेलचा आणि जॅझची टाइल ३२ बाय ३२ ची. बरोब्बर दुप्पट. हे ऐकून बायको म्हणाली, "मग मोठं करून चिकटव आणि भाजी आण." तिचं चूक नाही, ऐकणाऱ्याला असंच वाटतं. पण चित्र मोठं करायला दिलं की सॉफ्टवेअरला हुशारी सुचते, ते कडा गुळगुळीत करतं आणि तपकिरी विटेच्या नि काळ्या रेषेच्या मधे स्वतःच्या मनाने नवे नवे तपकिरी रंग घुसवतं. मूळ विटेत रंग मोजून तीन, मोठी केलेली वीट डझनभर रंग घेऊन येते. ते बंद करायचं बटण प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या ठिकाणी लपवलेलं, आणि त्यात नेटवरचं चित्र जेपीजी निघालं तर संपलंच, सपाट आकाशातसुद्धा जवळून बघितलं की नुसती खरूज दिसते.

आणि एवढे रंग ठेवणार कुठे? जॅझमध्ये एका वेळी २५६ रंग, त्याच्यावर एकही नाही. हे २५६ खाने आमच्या सोसायटीच्या पार्किंगसारखे आहेत, कागदावर भरपूर, पण त्यातला भलामोठा पट्टा आधीच ससा, कासवं, गाजरं आणि हिरे-माणकं यांच्या नावावर लागलेला. त्यात तुम्ही आपली वीट लावलीत की वीट छान दिसते पण लेव्हल सुरू होताच ससा वांग्याच्या रंगाचा होऊन पळायला लागतो. तक्रार कुणाकडे करणार?

ढगाची तर वेगळीच गंमत. मारिओमधला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, खरंच, ढग पांढरा नि झुडूप हिरवं एवढाच फरक. अख्खा गेम ४० केबीत बसवलाय त्या लोकांनी, आपला एक गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून जड असतो. मारिओ ज्या जुन्या, टीव्हीला जोडायच्या मशीनवर चालायचा त्यात आकार एकीकडे आणि रंग दुसरीकडे ठेवलेले, त्यामुळे तोच आकार दुसऱ्या रंगात छापला की काम झालं. जॅझमध्ये रंग चित्रातच मुरलेला असतो, म्हणून ढग वेगळा काढा, झुडूप वेगळं काढा. काटकसर त्यांची आणि मजुरी माझी.

पण मला खरा घाम फोडला तो आकाशाने.

झालं काय, की मारिओचं आकाश निळं आहे हे सगळ्यांना माहितीये पण नक्की कुठला निळा हे कुणीच सांगू शकत नाही, कारण ते मूळ मशीन आजच्यासारखे लाल-हिरवा-निळ्याचे आकडे देतच नव्हतं, ते थेट टीव्हीचा सिग्नल बनवायचं आणि पुढचं टीव्हीच्या मर्जीवर. त्यामुळे आज जितके एमुलेटर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करून जुने गेम चालवणारी सॉफ्टवेअरं, तितकी आकाशं. आणि मी तर हा गेम लहानपणी कोपरीतल्या घरी पाहिलेला, तोही अस्सल मशीनवर नाहीच, '९९९९९९ इन १' लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटवर, आणि आमच्या टीव्हीचा कलरचा नॉब बाबांनी एकदा पिळला तो तसाच राहिला, बातम्या देणारी बाईसुद्धा त्यावर शेंदरी दिसायची. माझ्या डोक्यातलं आकाश जांभळट आहे. मग खरं कुठलं धरायचं?

दोन चौकोन शेजारी शेजारी ठेवून बायकोला दाखवले. "दोन्ही सारखेच आहेत." ऑफिसातल्या डिझायनर मित्राला पाठवले, त्याने अंगठा पाठवला, कुठल्या चौकोनाला ते नाही सांगितलं. तेवढ्यात आई चष्मा पुसत आली. ही बाई आयुष्यभर नौपाड्यातल्या मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर उभी राहून ब्लाउजपीस लावून बघत आलेली, दुकानदाराने "ताई, हाच आहे" म्हटलं की कापड उचलून दुकानाबाहेर उन्हात नेणारी.

"हा डावा आकाशी. उजवा जांभळ्याकडे झुकतोय."

"यातला बरोबर कुठला?"

"कशावर लावायचाय?"

हा प्रश्न आतापर्यंत मला कुणीही विचारला नव्हता. मी विटा दाखवल्या, हिरवा पाईप दाखवला. तिने लॅपटॉप उचलायला लावला, ट्यूबलाइटखाली काही कळत नाही म्हणून बाल्कनीत नेला, वाळत घातलेले टॉवेल बाजूला सारले आणि मान तिरकी करून बराच वेळ बघितलं. "या विटांवर आकाशी मळकट दिसेल. जांभळा घे, पण एक शेड खाली." घेतला. बसला. चपखल बसला. शेजारच्या बाल्कनीतून काकू विचारत होत्या साडी ऑनलाइन मागवताय का, आणि आई म्हणाली, "नाही हो, आकाश बघतोय."

मग मे महिन्यात डोंबिवलीहून भाचा आला. वय वर्षं नऊ, त्यामुळे दयामाया नाही. त्याच्या हातात कीबोर्ड दिला आणि ससा पहिल्याच डोंगरातून आरपार निघून गेला. "मामा, डोंगर पोकळ आहे." त्याला समजावलं की बाबा मारिओतही डोंगर फक्त मागचा देखावाच आहे. जॅझमध्ये प्रत्येक टाइलबरोबर एक दुसरं चित्र द्यावं लागतं, मास्क म्हणतात त्याला, त्यात जेवढं रंगवाल तेवढंच सशाच्या पायाला लागतं, बाकी सगळी हवा. डोंगराचा मास्क मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. तो म्हणाला, "पण मला चढायचंय." मुद्दा बिनतोड होता. बसलो रात्री डोंगराच्या दोन्ही बाजूंचा उतार पिक्सेल पिक्सेल रंगवत, तर सकाळी ससा उतारावरून असला सुटला की थेट खड्ड्यात, आणि भाच्याला तेच जास्त आवडलं.

नंतर तो प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोकं आपटत राहिला. आपटतोय, आपटतोय, काही पडेना. आता हे कसं सांगायचं की मी आणलंय ते नुसतं चित्र आहे, नाणं पडणं हा चित्राचा गुण नाही, ते गेमच्या आतलं काम, लेव्हल बनवणाऱ्याने तिथे वेगळं काहीतरी ठेवावं लागतं. "म्हणजे खोटं आहे?" खोटं नाही रे, रिकामं आहे. त्याच्या दृष्टीने फरक शून्य.

सोफ्यावरून आई बघत होती. आकाश आपलं म्हणून तिला आता या प्रकरणात गोडी वाटायला लागलेली. भाचा पाईप ओलांडून, विटांवरून उड्या मारत, आजीच्या जांभळट आकाशाखालून लेव्हलच्या शेवटी पोचला, झेंड्याचा खांब आला, तिथे थांबला आणि मागे वळून म्हणाला,

"मामा, सगळं मारिओचं आहे. पण मारिओ कुठाय?"

मी घसा खाकरला. म्हटलं, बघ, टाइलसेटमध्ये फक्त जागा येते, माणसं येत नाहीत, ससा-कासवांची चित्रं गेम एका वेगळ्याच फाइलमध्ये ठेवतो, ती उघडणं म्हणजे...

"उघडलीयस ना ती?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"फक्त बघायला."

"भाजी?"

आईने पिशवी माझ्या हातात दिली आणि बजावलं, मी भाजी घेऊन येईपर्यंत मारिओच्या टोपीला कुणी हात लावायचा नाही, लाल तिला बघायचाय.