आधार जोडलंय, पण कुठल्या खात्याला?
शिष्यवृत्ती नव्वद टक्केवाल्यांनाच मिळते, असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही. आमच्या गुजरातच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत बारावीला ८० पर्सेंटाइल लागतात आणि घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत. पर्सेंटाइल हं, म्हणजे शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे असणं, ८० टक्के नव्हेत! बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारणीने हाच घोळ करून मुलाचा फॉर्मच भरला नाही. इंजिनिअरिंगला निम्मी ट्यूशन फी किंवा ५० हजार, जे कमी असेल ते मिळतं.

माझ्या लेकीचं मंजूर झालं, पण पैसे येईनात. बँकेत तीन खेपा घातल्या. दर वेळी एकच उत्तर, "आधार लिंक आहे." होतं ना, पण शाळेत असताना उघडलेल्या दुसऱ्याच खात्याला! त्याचं पासबुक शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं. आधारवरून येणारी रक्कम, आधार शेवटी ज्या खात्याशी जोडलं त्यातच पडते. फॉर्म भरण्याआधीच हे तपासा.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा आधार नव्हतं. दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार मात्र लिहून घेतला होता.